ग्रहमालेत केसरबाई

मुलांसाठी अंतराळावर वाद्यवृंदाची मैफल म्हटली, की होल्स्टचे ‘द प्लॅनेट्स’ ठरलेलेच! आमची हरकत नाही. मंगळाचा तो पाच मात्रांचा रणठेका वाळपईच्या मुलांनीही अवश्य ऐकावा. परंतु त्या सात ग्रहांत पृथ्वीच नाही, त्याचे काय? १९७७ साली व्हॉयेजर यानांच्या तबकडीवरून आकाशात गेली ती अंत्रुजमधल्या केरीच्या केसरबाईंची भैरवी. तो गोमंतकीय स्वर वगळून मुलांना अंतराळसंगीत ऐकविणे म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा! नेपच्यूनचा स्त्रीवृंद विरताच केसरबाईंची तबकडी लावावी. मैफल भैरवीने संपविणे हा तर आपला रिवाजच. आणि मैफल पणजीतच काय म्हणून? परतीच्या बसच्या धास्तीने अर्ध्यावर उठणाऱ्या सत्तरीच्या मातेला शनी काय नि युरेनस काय! वादकांनीच वाळपईस यावे. पोरे मध्येच बोलली, तर बोलू द्यावीत.