मक्तेदार आणि घरधनी

मध्य प्रदेशाच्या मराठी मुलखात, सौसर तहसिलीतील रामाकोन्यासारख्या गावात विहिरीवरची मोटार बंद पडली म्हणजे शेतकरी प्रथम स्वतः पेटीचे झाकण उघडून पाहतो आणि मगच मिस्त्रीला निरोप धाडतो. तेव्हा अशा माणसाने गच्चीवर सौर विद्युत्संच बसविण्याचे मनात आणले आणि मक्तेदाराला द्यावयाचा मेहनताना वाचवून तो आपल्याच हाताने उभारावा असे त्याला वाटले, तर त्यात नवल नाही. ही इच्छा मला प्रशंसनीय वाटते, परंतु ती छपरावर जाऊन पोहोचली की माझे मन कचरते.

एका पॅनेलचा दाब चाळीस-पन्नास व्होल्ट, म्हणजे भिण्याजोगे काही नाही. पण तशी आठ-दहा पॅनेले एका माळेत गुंफली की तो चारशेच्या घरात जातो, आणि तोही एकदिश प्रवाहाचा. घरात येणारा प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्यामुळे त्याच्या ठिणगीला विझण्याची संधी मिळते. एकदिश प्रवाहाची ठिणगी सैल जोडात एकदा पेटली की तिला ती सवलत नसते. शिवाय सूर्याला बटण नाही. खाली मेन स्विच पाडला तरी ऊन असेतोवर वरची माळ जिवंतच राहते. लाईन गेली असता इन्व्हर्टरनेही तत्क्षणी थांबले पाहिजे, कारण घरची वीज उलट तारांत शिरली तर खांबावर चढलेल्या लाईनमनच्या जिवाशी गाठ असते.

भारतीय विद्युत् नियमावली 1956 ची. त्या नियमावलीने दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलण्याची मुभा घरधन्याला देऊन बाकीचे काम परवानाधारक मक्तेदारावर सोपविले होते, आणि ही विभागणी मला आजही शहाणपणाची वाटते. 2024 साली आरंभलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपयांचे अनुदान आहे, पण ते नोंदणीकृत विक्रेत्याकडून काम करून घेणाऱ्यासच मिळते. म्हणजे हौसेची किंमतही सरकारने ठरवून दिली आहे.

ज्याला हात चालवायचेच आहेत, त्याने पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांचा बायोगॅस संच पाहावा. पाण्याच्या दोन प्लास्टिक टाक्या, मोठीत उलटी तरंगणारी धाकटी, आणि चाऱ्याला खरकटे. या साध्या युक्तीला 2006 साली अॅश्डेन पारितोषिक मिळाले. तेथे चूक झाली तर बहुधा चूल पेटत नाही, एवढेच. अर्थात वायू हा वायूच, म्हणून त्याचा वास आला तर काडी ओढू नये.

सौर संचाबाबत माझी तक्रार वेगळीच आहे. संच उभा करून मक्तेदार नागपूरला किंवा छिंदवाड्याला परतला, की इन्व्हर्टरवर लाल दिवा का लागला हे सांगणारा गावात कोणी उरत नाही. पुस्तिका इंग्रजीत, करारनामा हिंदीत, आणि घर मराठी. तेव्हा घरधन्याने पान्हा हाती न घेता निदान काही शर्ती तरी घालाव्या: जोडणीचा नकाशा मराठीत भिंतीवर लावावा, अर्थिंगचे खड्डे त्याच्या डोळ्यांदेखत खणावे, गावचा वायरमन कामावर हजर असावा, आणि संच बंद-चालू करण्याचा क्रम घरातल्या बाईमाणसांनीही एकदा स्वतः करून पाहावा. तोवर शेवटचा हप्ता कडोसरीलाच बरा.