पायथ्याच्या गावाचा रविवार

सह्याद्रीतील गडकिल्ल्यांवर पावसाळ्यात उसळणाऱ्या गर्दीविषयी गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहिले व बोलले गेले. निसरड्या वाटा, बुरुजांवरील दंगामस्ती, कचरा या सर्वांचा समाचार घेतला गेला आणि तो रास्तच होता. मात्र जेथून गड चढावयाचा त्या पायथ्याच्या गावाची विचारपूस फारशी कोणी केली नाही. वस्तुतः गर्दीचा पहिला भार गडाच्या दरवाजावर पडतच नाही. तो पडतो गावाच्या अरुंद रस्त्यावर, आणि तोही माणसांचा नव्हे, त्यांच्या मोटारींचा.

मावळातील भातलावणी आणि शहरवासीयांची सहल यांचा हंगाम एकच. पावसाने खाचरे भरली की शेतकरी चिखलात उतरतो आणि नेमक्या त्याच रविवारी शहरातील माणसाला धबधब्याची आठवण होते. सुगीला अजून अवकाश असल्याने खळी मोकळी असतात. त्यांत पाच-पंचवीस मोटारी सामावतात. त्या भरल्या की उशिरा आलेला पाहुणा बांधावर चाक चढवितो. बांध फुटला की खाचरातील पाणी वाहून जाते व त्याबरोबर कोवळी रोपेही. अशा वेळी एखाद्या अडलेल्या बाईला तालुक्याच्या दवाखान्यात न्यावयाचे ठरले, तर रांगेतील मोटारींचे मालक सर्व गडावर असतात! या गर्दीतून गावात चार पैसे येतात हे खरे आहे. अंगणात गाडी लावू देण्याचे पैसे मिळतात, पिठले-भाकरी खपते. परंतु हा लाभ ज्याचे घर रस्त्याला लागून आहे त्याचा. ज्याचे शेत आडबाजूला आहे त्याच्या वाट्याला केवळ फुटका बांध येतो. वाहनतळाचे पैसे ग्रामपंचायतीने पावती देऊन घ्यावेत आणि नुकसानीची भरपाई त्यातून व्हावी, ही मागणी म्हणूनच अवाजवी म्हणता येणार नाही.

यावर सुचविला जाणारा सोपा उपाय म्हणजे आणखी जमीन सपाट करून मोठा वाहनतळ बांधणे. पण जागा वाढली की मोटारी वाढतात, हा शहरांचा अनुभव खेड्यात बदलेल असे मानण्यास आधार नाही. खरा प्रश्न मोटार कोठे उभी करावी हा नसून, मोटारीखेरीज तेथे पोचता का येत नाही, हा आहे.

याचे उत्तर एस. टी.च्या वेळापत्रकात सापडते. आडगावची गाडी रात्री गावात मुक्कामाला येते व पहाटे तालुक्याकडे निघते, कारण बाजार, कचेरी, शाळा तिकडे आहेत. गावाच्या दृष्टीने हे योग्यच. गडावर जाणाऱ्याची गरज मात्र नेमकी उलटी असते. पूर्वी या दोहोंचा मेळ बसे, तो शनिवारी रात्री. शिक्षक, कारकून, महाविद्यालयीन विद्यार्थी त्या मुक्कामी गाडीने गावी पोचत, देवळात पथारी टाकीत आणि उजाडता गड चढू लागत. आता एका दिवसात जाऊन परतण्याची घाई आहे आणि त्या घाईला जुळणारी फेरी क्वचितच आढळते. परिणामी ज्याच्यापाशी मोटार आहे तो मोटार काढतो. ज्याच्यापाशी नाही तो विद्यार्थी मित्राच्या मोटारसायकलवर तिसरा बसून, भर पावसात, घाट ओलांडतो. महिलांना मार्च २०२३ पासून एस. टी.च्या भाड्यात निम्मी सवलत आहे. पण जेथे गाडीच जात नाही तेथे सवलतीचा उपयोग काय?

आषाढीला पंढरपूरसाठी आणि गणपतीत कोकणासाठी हजारो जादा गाड्या सोडणाऱ्या महामंडळाला पावसाळ्यातील रविवारच्या काही फेऱ्या अशक्य नाहीत. मोटार अलीकडे थांबविण्याची प्रथाही महाराष्ट्राला नवी नाही. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटार जात नाही. पाहुणे तेथून चालत वा घोड्यावर जातात आणि त्यामुळे माथेरान ओस पडलेले नाही. उलट सिंहगडावर मे २०२२ मध्ये खासगी वाहने बंद करून विजेवरील बस सुरू झाली, ती गर्दीला पुरी पडेना आणि त्याच महिन्यात प्रयोग थांबवावा लागला. त्यावरून प्रयोगच चुकीचा होता असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. बंदी एका दिवसात लागू होते, पुरेशा गाड्या आणि चालक मात्र आधी जमवावे लागतात, एवढाच त्याचा अर्थ.

जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत महाराष्ट्रातील ११ किल्ले दाखल झाले. हा सन्मान गर्दी वाढविणार, हे उघड आहे. त्यांपैकी लोहगडाला तर रेल्वे आहे. पुणे–लोणावळा लोकलने मळवलीला उतरावे, भाजे गावातून गायमुख खिंडीकडे चालू लागावे. दीड-दोन तासांत लोहगडवाडी येते. तरीही रविवारी त्याच वाटेवर मोटारींची रांग लागते! मळवली स्थानकाबाहेर लहान बस उभ्या राहिल्या, तर चालू न शकणाऱ्या वृद्धांचीही सोय होईल. राजगडासाठी नसरापूर–वेल्हे रस्त्यावर मार्गासनीपाशी मोटारी थांबवून पुढे गुंजवण्यापर्यंत ठरावीक भाड्याच्या गाड्या सोडता येतील, आणि त्या गाड्या गुंजवण्याच्याच तरुणांनी चालवाव्यात. पुढचा पाऊस सुरू होण्यापूर्वी या दोन ठिकाणी तरी महामंडळाचे आगारप्रमुख, वन खाते व ग्रामपंचायती यांनी एकत्र बसून फेऱ्यांच्या वेळा ठरवाव्यात, आणि त्या वेळांचा फलक पुण्याच्या स्वारगेट स्थानकावर मराठीत, ठळक अक्षरांत लावावा.