राखेचा हिशेब

परवा गंगापूर रोडवरच्या आमच्या वर्गात प्रश्न आला, "बाई, एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या धुराड्यातून किती राख उडते, ते कसं कळतं?"

मी म्हटलं, लाडवांसारखं! डब्यात 10 होते, 7 उरले, 2 खाल्ले म्हणता. मग आई दहाव्याबद्दल विचारतेच ना?

समजा, जळलेल्या 100 किलो दगडी कोळशात 35 किलो राख होती. 7 किलो भट्टीच्या तळाशी पडली. 28 किलो धुराबरोबर निघाली. वाटेत तिला विजेचा भार देतात, मग ती लोखंडी पत्र्यांना चिकटते. (धूर पुसायलाही वीजच!) तिथे 27 किलो 800 ग्रॅम सापडली. म्हणजे बाहेर गेली 200 ग्रॅम.

पण यंत्रणा बिघडून 25 किलोच सापडली, तर? 3 किलो आपल्या हवेत. पंधरापट! धुराड्याकडे नुसतं बघून हे कळलं असतं?