खोका भरला, विषय संपला

महापूर आला की आपल्या आयटी कंपन्यांमध्ये तीन गोष्टी ठरल्यासारख्या घडतात. आधी एचआरची मेल येते, मग लॉबीत एक भला मोठा खोका येतो, आणि चार दिवसांनी त्या खोक्याभोवती उभं राहून काढलेला ग्रुप फोटो येतो. पाचव्या दिवशी खोका टेम्पोत चढतो आणि त्याच्याबरोबर पूरही जातो. म्हणजे आपल्या डोक्यातून जातो. ज्यांच्या घरात तो शिरला, त्यांच्याकडे त्याचा मुक्काम पुढची दोन वर्षं तरी असतो.

आज जरा कडवट लिहिणार आहे. ज्यांना वीकेंडला हलकंफुलकं वाचायचंय त्यांनी पुढच्या शनिवारी यावं. :)

तर मुद्दा असा, की त्या खोक्यात जे पडतं ते पूरग्रस्तांना काय हवंय हे विचारून पडत नाही. आपल्या कपाटात काय नकोय हे बघून पडतं. न होणारी जीन्स, कॉलर विरलेला शर्ट, कुणीतरी आहेरात दिलेली आणि कधीच न उघडलेली भडक साडी, एका बाजूने उसवलेली स्कूलबॅग. याला मदत म्हणत नाहीत हो. याला दिवाळीची साफसफाई म्हणतात, फक्त ती ऑगस्टमध्ये केलेली असते.

हे काही मी नव्याने शोधून काढलेलं नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून इतके जुने कपडे येऊन पडले की रस्त्याच्या कडेला त्यांचे ढीग साचले. मासेमारी करून मानाने जगणारी माणसं ती. दुसऱ्याची उतरलेली वस्त्रं अंगावर घालायला त्यांनी नकार दिला, आणि बरोबर केलं. पुढे दिल्लीच्या 'गूंज' या संस्थेने तिथले कपडे गोळा केले, निवडले आणि कामी लावले. म्हणजे बघा, आधी आपत्ती, मग मदतीची आपत्ती, आणि मग ती मदत निस्तरायला आणखी एक संस्था!

आता आपल्याकडे या. ऑगस्ट २०१९. पंचगंगा आणि कृष्णेच्या पुराने कोल्हापूर-सांगलीत चार लाखांहून जास्त लोकांना घरं सोडायला लावली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला ८ तारखेला बोट उलटली आणि जीव वाचवायला निघालेली माणसं बुडाली. त्या पहिल्या आठवड्यात धावून कोण आलं? एनडीआरएफ आणि लष्कर आलंच, पण त्यांच्याबरोबर कोल्हापूरच्या तालमी आणि तरुण मंडळं आली, 'व्हाईट आर्मी'ची पोरं आली. लोकांनी मंगल कार्यालयं उघडली, शाळा उघडल्या. शेजारच्या कोरड्या गावांतून भाकरी-चटणीचे गठ्ठे बांधून आले. यातलं काहीही लॉबीतल्या खोक्यातून आलं नव्हतं. येणं शक्यच नव्हतं, रस्ताच बंद होता!

आपला टेम्पो पोचतो रस्ता उघडल्यावर. आणि मग तो थांबतो कुठे? महामार्गाला लागून असलेल्या पहिल्या गावात. तिथेच बॅनर, तिथेच वाटप, तिथेच फोटो. त्या गावातल्या शाळेत बिस्किटांचे पुडे ठेवायला जागा नसते आणि आत दहा किलोमीटरवरच्या वस्तीत कुणी फिरकलेलं नसतं. त्या वर्षी मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो असलेले स्टिकर लागले तेव्हा अख्खा महाराष्ट्र चिडला होता. आपणही चिडलो होतो, फॉरवर्ड करकरून बोटं दुखली. पण खोक्यावर कंपनीचा लोगो चिकटवताना आपल्याला त्यात काही साम्य दिसलं नाही. गंमतच आहे.

तुम्ही म्हणाल, काहीच न करण्यापेक्षा काहीतरी केलेलं बरं नाही का? थेंबे थेंबे तळे साचे वगैरे?

नाही. कारण त्या 'काहीतरी'ने आपलं समाधान होतं, आणि समाधान झालं की माणूस थांबतो. नेमकं जेव्हा थांबायचं नसतं तेव्हाच आपण थांबतो.

पाणी ओसरल्यावर काय होतं ते बघा. कुटुंब छावणीतून घरी येतं तेव्हा घरात गुडघाभर गाळ असतो. मातीच्या भिंती पाण्यात कशाबशा उभ्या राहतात आणि ऊन पडलं की ढासळतात. कणगीतलं धान्य कुजलेलं, रेशनकार्ड आणि पोरांचे दाखले यांचा लगदा झालेला. गोठ्यातली म्हैस वाचली असली तर तिच्यासाठी चारा नाही. मग तलाठी पंचनाम्याला कधी येतो याची वाट. २०१९ साली सरकारने ग्रामीण भागात कुटुंबामागे १०,००० आणि शहरी भागात १५,००० रुपये जाहीर केले होते. ते आले तरी त्यातून भिंत उभी राहत नाही. ऊस आठवडाभर पाण्याखाली राहिला की कुजतो, म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत हातात काही नाही, आणि सोसायटीचं कर्ज मात्र जिथल्या तिथे. हे झालं ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्यांचं. जो दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातो त्याच्याकडे दाखवायला पीकच नाही. जो भाड्याच्या खोलीत राहतो त्याच्याकडे दाखवायला घर नाही. मजुरी बुडाली याचा पंचनामा कोण करतो?

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या पुराने सोलापूर, धाराशिवकडे घरं तर बुडवलीच, पण कित्येकांच्या जमिनी अक्षरशः खरवडून नेल्या. वरची माती गेली, खाली दगडगोटे राहिले. वाहून गेलेल्या मातीच्या जागी जुना शर्ट पेरता येत नाही.

आता खरा मुद्दा. पूरग्रस्त म्हणजे कुठेतरी लांब, टीव्हीत, छातीभर पाण्यात उभा असलेला माणूस, असं आपल्याला वाटतं. तो रोज सकाळी आपलं आयकार्ड बघून आपल्यासाठी गेट उघडतो हे लक्षातच येत नाही. २०१९ साली मी ज्या कंपनीत नुकताच लागलो होतो (नाव सांगत नाही, सांगून फरकही पडत नाही, हे कुठेही घडू शकतं) तिथे तो खोका रिसेप्शनसमोर ठेवला होता. त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम होतं सिक्युरिटीच्या काकांकडे. काकांचं गाव शिरोळ तालुक्यातलं. घरची सगळी जयसिंगपूरच्या एका शाळेत हलवलेली. रस्ता सुरू झाल्यावर काका गावी गेले, घरातला गाळ काढला, आईला पाहुण्यांकडे सोडलं आणि परत आले. एजन्सीने तेवढ्या दिवसांचा पगार कापला. कंत्राटी माणूस, काम नाही तर पैसे नाहीत. त्याच आठवड्यात आमच्या फोटोला भरभरून लाइक्स मिळाले.

कुणी दुष्ट नव्हतं त्यात. एचआरवाली मुलगी खरंच मनापासून धडपडत होती. फक्त कंपनीच्या दृष्टीने काका 'आपले' नव्हते, एजन्सीचे होते, आणि एजन्सीच्या दृष्टीने पूर हा काकांचा खाजगी प्रश्न होता. आपण त्यांना काका म्हणतो, हाउसकीपिंगच्या बाईंना मावशी म्हणतो. नातं जोडायला आपण एकदम पुढे. पण मावशींचं गाव कुठलं, ते नदीकाठी आहे का, हे मजल्यावरच्या किती जणांना माहीत असतं?

तेव्हा आता नुसती टीका नको, काय करायचं तेही सांगतो.

पहिलं, सुरुवात आपल्या इमारतीपासून करा. गार्ड, हाउसकीपिंग, कँटीन, कॅबचे ड्रायव्हर. यातल्या कुणाचं घर बाधित तालुक्यात आहे याची यादी एका दुपारी होते. त्यांना भरपगारी रजा आणि विनाव्याज उचल द्या, आणि हे एजन्सीच्या करारात पावसाळ्याच्या आधी लिहून घ्या. एका टीम आउटिंगच्या खर्चात बसेल हे. काकांना शर्ट नकोच होता, त्यांना आठ दिवसांची रजा हवी होती.

दुसरं, पैसे द्या, आणि एकदा नको, वर्षभर द्या. एक दिवसाचा पगार कापून मोकळं होण्यापेक्षा तीच रक्कम बारा महिन्यांत थोडी थोडी द्या, कारण गरज बारा महिने आहे. मात्र जबरदस्ती नको. 'कापायचा नसेल तर कळवा' अशी मेल पाठवणं ही सभ्य भाषेतली जबरदस्तीच झाली. केरळमध्ये २०१८ साली सरकारने नको असलेल्या कर्मचाऱ्यांकडून तसं लेखी मागितलं, तेव्हा हायकोर्टाने त्या अटीला स्थगिती दिली आणि सुप्रीम कोर्टानेही ती उठवली नाही. आणि कंपनीला विचारा, तुमचे किती? २०१३ च्या कंपनी कायद्यात ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि आपत्तीनंतरचं पुनर्वसन २०१९ पासून त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. कपडे आपले आणि फोटो कंपनीचा, हा हिशोब काही पटत नाही.

'रोख दिले तर दारूत घालवतील,' असं एक वाक्य हमखास येतं. शुक्रवारी रात्री आपण काय करतो ते मी इथे लिहीत नाही. ज्या बाईला पोरांच्या वह्या, पत्रे, चारा आणि दवाखाना यातलं आधी काय करायचं हे ठरवायचंय, तिच्यापेक्षा तिच्या घरचं बजेट आपल्याला जास्त कळतं हा समज आपण कुठून आणला? आणि 'पैसे मध्येच खाल्ले जातात' ही भीती असेल तर आपल्याच टीममधला त्या भागातला मुलगा शोधा. त्याला गावातली पतसंस्था, शाळा, बचत गट सगळं माहीत असतं. हिशोब मागा, महिन्याच्या महिन्याला मागा. बग रिपोर्टचा पाठपुरावा करतो तसा करा.

तिसरं, आपल्याला जे येतं ते द्या. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळच्या तरुण इंजिनियरांनी तिथल्या राज्य आयटी मिशनबरोबर 'केरळ रेस्क्यू' ही वेबसाइट उभी केली. कोण कुठे अडकलंय, कुठल्या छावणीत काय कमी आहे, सगळं एका ठिकाणी, आणि कोड सगळ्यांसाठी खुला. हे आपल्याच जातकुळीचं काम आहे! आपल्याकडे निदान एवढं तरी जमेल की तिसऱ्या महिन्यात, फोटोवाले परत गेल्यावर, एक शनिवार-रविवार गावात जाऊन बसायचं. हरवलेल्या दाखल्यांचे, कार्डांचे अर्ज भरून द्यायचे, कुणाचं कुठे अडकलंय त्याची यादी करायची आणि ती तहसीलदारांकडे नेऊन द्यायची.

त्याच केरळच्या पुरात मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवून बुडालेल्या गावांत नेल्या. होडी म्हणजे त्यांचं पोट. त्यांनी कामातून गेलेली, नको असलेली होडी नेली नाही. रोज ज्यावर घर चालतं तीच नेली.

आणि लांबवर टिकणारी मदत आपल्या मातीतही झाली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्याला आणून वर्षानुवर्षं शिकवलं. त्याच भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, तेव्हा शहरी कॉलनीसारखे सरळ रेषेतले रस्ते आखले आणि गुरं, कडबा, बलुतं, शेजार सांभाळून जगणाऱ्या माणसांची त्यात कुचंबणा झाली अशी टीका झाली. पहिल्या उदाहरणात वेळ दिला होता, दुसऱ्यात देणाऱ्याचा नकाशा होता. दोन्ही उदाहरणं एकाच भूकंपातली आहेत.

असो. फार लांबलं. पुढचा पावसाळा काही आपल्याला विचारून येणार नाही, मेल मात्र नक्की येणार आहे. त्याची वाट बघू नका. सोमवारी ऑफिसला गेलात की गेटवर दोन मिनिटं थांबा आणि विचारा, "काका, गाव कुठलं तुमचं?"