परवाना आणि जबाबदारी

ब्रिटिश सरकारने १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी जनतेला निःशस्त्र केले. हा अपमान राष्ट्रीय चळवळीला सतत डाचत होता. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क आपल्या ठरावात नोंदविला. स्वतंत्र भारताच्या घटनेने मात्र त्याला मूलभूत हक्कांत स्थान दिले नाही, आणि १९५९ च्या कायद्याने बंदुकीला परवान्याची अट घातली. परवाना हा समाजाने एका व्यक्तीवर टाकलेला विश्वास आहे, प्रतिष्ठेचे पदक नव्हे.

याचा विसर पडलेले लोक वरातीत हवेत गोळ्या झाडतात. हवेत गेलेली गोळी कोणाच्या तरी अंगणात उतरतेच. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बेपर्वाईस दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत.

ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, त्याने परवाना मागण्यात गैर काही नाही. परंतु पिस्तूल हाती येण्यापूर्वी रीतसर शिक्षण घ्यावे. प्रत्येक पिस्तूल भरलेलेच आहे असे मानावे. नळी कोणाच्याही दिशेने धरू नये. झाडण्याचा निर्णय होईपर्यंत बोट चापापासून दूर ठेवावे. लक्ष्याच्या पलीकडे कोण आहे ते आधी पाहावे. घरात शस्त्र व काडतुसे वेगवेगळी, कुलूपबंद ठेवावीत. उशीखालचे पिस्तूल चोराआधी घरातल्या मुलाच्या हाती लागते. मद्य आणि शस्त्र एकत्र येऊ देऊ नयेत. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये व पूर्ण झाकलेले असावे लागते. स्वसंरक्षणाचा हक्क कायदा मान्य करतो, पण आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा देत नाही. भांडणातून पाय मागे घेता येत असेल तर तो घेणे, हे शस्त्रधारकाचे पहिले कर्तव्य होय.

आणि एवढे करूनही पिस्तूल अभय देईलच असे नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात नरेंद्र दाभोलकरांवर, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोविंद पानसरे व उमाताई पानसरे यांच्यावर सकाळच्या फेरीच्या वेळी जवळून गोळ्या झाडण्यात आल्या. वेळ आणि जागा मारेकरी निवडतो. खिशातले पिस्तूल बाहेर काढण्याची उसंत तो देत नाही.

म्हणून धमकी आलेल्या कार्यकर्त्याने पोलिसांत लेखी तक्रार करावी, सहकाऱ्यांना कळवावे, एकटे फिरणे टाळावे. नागरिकाच्या जिवाचे रक्षण ही शासनाची जबाबदारी आहे; ती परवान्याच्या कागदावर ढकलून शासनाला मोकळे होता येणार नाही. सुरक्षितता विकत घ्यावी लागली, तर ती शेतमजुराच्या आणि झोपडीतल्या बाईच्या वाट्याला कधीच येणार नाही. पिस्तूल घेणाऱ्याने ते सांभाळावे. न घेणाऱ्यालाही निर्धास्त जगता यावे, यासाठी मात्र सर्वांनीच झगडले पाहिजे.