पाचटाचा धूर आणि सरकारी अनुदान



तोडणीची टोळी फडातून बाहेर पडली की दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी आपल्या शिवारात जाळ दिसतो. एकाने पेटवले की शेजाऱ्यालाही आपले उरकून घ्यावेसे वाटते. रात्री रस्त्यावर समोरून येणारी मोटारसायकल जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि सकाळी अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर, झाकण नसलेल्या हौदात काळी कुसळे पडलेली असतात. आपण याला इतके सरावलो आहोत की बॉयलर पेटला, मोळी पडली, तसेच हेही हंगामाचे एक लक्षण वाटते.

मी कुणाला शहाणपण शिकवायला बसलेलो नाही. खोडव्याचे पाचट वीसेक वर्षे मीही जाळले. चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ऊस गेला. वारा पडल्यावर, चांगला अंदाज घेऊन, मी काडी लावली. अर्ध्या तासात वारा फिरला आणि जाळ बांध ओलांडून शेजारच्या उभ्या उसात शिरला. तो ऊस माझ्या चुलतभावाचा. ३० गुंठे. पंधरा दिवसांनी त्याची तोड होती. मोटर चालू करायला पळालो तर रानातली लाईट रात्री दहाला येणार होती. पुढचे तुम्हा सर्वांना माहीत आहे : जळीत म्हणून टोळीने जादा पैसे मागितले, वजनात घट आली, बिलातून जळिताची कपात झाली. वर ठिबकच्या नळ्या वितळून सरीला चिकटल्या, त्या वेगळ्याच. मी भरपाई देतो म्हणालो. तो म्हणाला, “दादा, पैशाचं राहू दे. काडी लावायच्या आधी एक हाक तरी मारायचीस.” त्यानंतर वर्षभर आम्ही कामापुरतेच बोलत होतो.

त्या वर्षापासून मी पाचट जाळणे बंद केले. पण गावात विषय काढला की उत्तर ठरलेले : “सरकार मशीनला अनुदान देईल तेव्हा बघू.” म्हणून सरकार काय देते, कुणाला देते आणि आपल्यापर्यंत त्यातले काय येते, हे जरा नीट पाहायचे ठरवले. जे दिसले ते सभासदांपुढे ठेवतो.

हवा स्वच्छ व्हावी म्हणून केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. तो शहरांसाठी. देशातली १३१ शहरे त्यात घेतली आणि महाराष्ट्रातली १९. कोल्हापूर, सांगली आणि सोलापूर ही तिन्ही आपल्या ऊसपट्ट्यातली नावे त्यात आहेत. म्हणजे पैसा आपल्या जिल्ह्यांत येतो, पण महापालिकेच्या हद्दीत. तिथेही तो कशावर गेला? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२४ साली हिशेब मांडला. त्यात देशभरच्या खर्चापैकी सुमारे ६४ टक्के रक्कम रस्त्यावरच्या धुळीसाठी, म्हणजे रस्ते करणे, खड्डे बुजवणे, झाडणे, पाणी मारणे यांवर गेलेली दिसली. शहरातल्या लोकांनी धूळ खावी असे माझे म्हणणे नाही. पण धुराला हद्द कळत नाही. शिवारातला धूर महापालिकेच्या जकात नाक्यावर थांबत नव्हता, आणि आता तर नाकाही राहिला नाही. शहरात मोजली जाते ती हवा निम्मी आपल्याकडून गेलेली असेल किंवा दहावा भाग असेल, पण तिच्यावरच्या खर्चातला रुपयाही फडापर्यंत पोचत नाही.

शेतातल्या जाळासाठी म्हणून वेगळा पैसा सरकारने दिला, तो उत्तरेत. दिल्लीवर धूर जातो म्हणून २०१८-१९ साली पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि दिल्ली यांच्यासाठी भाताच्या काडाची योजना आली. पहिल्या पाच वर्षांत तीन हजार कोटींहून अधिक रुपये तिकडे गेले. त्या योजनेतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एकट्या शेतकऱ्याने यंत्र घेतले तर ५० टक्के अनुदान, आणि सहकारी संस्थेने किंवा गटाने भाड्याने देण्यासाठी घेतले तर ८० टक्के. सरकारनेच कबूल केले की हे यंत्र एकट्याचे काम नव्हे.

तरीही तिकडे जाळ पुरता थांबला नाही. दंडही लावून झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या आसपासच्या पट्ट्यासाठी तो दुप्पट केला, पाच एकरांवरच्या शेतकऱ्याला ३० हजार रुपये. अडचण अशी की तिथे भात निघणे आणि गहू पेरणे यांत जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. साऱ्या गावाला यंत्र एकाच वेळी हवे, आणि नंतर ते वर्षभर शेडमध्ये गंज खात पडून. आपले तसे नाही. आपला गळीत हंगाम चार-चार महिने चालतो आणि फड रोज थोडेथोडे रिकामे होतात. पाचटाची कुट्टी करणारे एक यंत्र आपल्याकडे रोज नव्या रानात जाऊ शकते. पंजाबला जे जमायला जड गेले, ते आपल्याला सोपे आहे.

आता आपल्याकडच्या अनुदानाकडे या. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान आहे. अर्ज संगणकावर करायचा, पूर्वसंमतीची वाट पाहायची, मग आधी पदरचे पैसे घालून यंत्र घ्यायचे, बिल चढवायचे, तपासणी व्हायची आणि त्यानंतर अनुदान खात्यावर जमा. ऊस तोडणी यंत्रासाठी राज्याने २०२३ साली योजना मंजूर केली : ९०० यंत्रे, किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यांत जे कमी असेल ते. चांगली गोष्ट आहे, तोडणी मजुरांची टंचाई आहेच. पण ज्याचे ४० टक्के ३५ लाखांच्या घरात जातात, त्या यंत्राच्या उरलेल्या ६० टक्क्यांचे काय ते तुम्हीच धरा.

माझा चुलतभाऊ ३० गुंठेवाला. आपल्या सभासदांत असे किती आहेत, हे शेअर्सच्या यादीवर नजर टाकली तरी कळेल. त्याला पाचट कुट्टी यंत्राची गरज वर्षातून एकदा, दीड-दोन तास. ते ओढायला ताकदीचा ट्रॅक्टर हवा, तो त्याच्याकडे नाही. त्याला निम्म्या किमतीत नव्हे, पाव किमतीत यंत्र दिले तरी तो ते घेऊन काय करील? दारात बांधायचे? म्हणून अनुदान ज्याच्या दारात आधीच ट्रॅक्टर आहे त्याच्याच दारात जाते. तो आपले रान झाल्यावर भाड्याने देतो, पण त्याच्या सोयीने. तोवर आपल्या फडात खोडव्याला फुटवे येतात, पाणी द्यायची वेळ होते, आणि माणूस कंटाळून खिशातली काडेपेटी काढतो. या माणसाला अडाणी म्हणणारे खूप आहेत. मला तो अडाणी वाटत नाही. त्याची वेळ कुणी साधत नाही, एवढेच.

ती वेळ कोण साधू शकेल? तालुक्याच्या कृषी कार्यालयाला माहीत नाही की उद्या कुठल्या गटातला फड मोकळा होणार. ग्रामपंचायतीला माहीत नाही. ते माहीत आहे आपल्या शेतकी खात्याला. लागणीची नोंद, जात, खोडवा की निडवा, टोळी कुठली, स्लिप कधी फाडली, शेवटची गाडी केव्हा गव्हाणीवर आली, सगळे गट ऑफिसच्या वहीत आणि आता संगणकात आहे. ज्या दिवशी शेवटची गाडी गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी यंत्र त्या रानात उभे राहिले पाहिजे. भाडे रोख मागायचे नाही, बिलातून कापायचे. वसुलीची भानगड नाही. खते, बेणे असे आपण उधारीवर देतोच.

म्हणून माझे मत असे की पाचटाच्या यंत्रांसाठी अनुदान मागायचे ते एकेका सभासदाने नव्हे, कारखान्याने मागावे, आणि उत्तरेतल्या संस्थांना दिले त्याच ८० टक्क्यांच्या दराने मागावे. स्वच्छ हवेच्या नावाने येणाऱ्या पैशातला वाटा शहराच्या हद्दीबाहेरही यावा, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांनी मांडावी. ती करताना हात पसरल्यासारखे वाटायचे कारण नाही. प्रवरानगरचा कारखाना १९५० साली सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग राज्यभर सहकारी कारखाने उभे राहिले, ते शेतकऱ्याचे शेअर आणि सरकारचे भागभांडवल यांच्या जोरावर. तेव्हाही सरकारी पैसा आला, पण आपल्या पैशाच्या जोडीने आणि संस्थेच्या नावावर. आजचे अनुदान सुटे सुटे येते, म्हणून ते विरून जाते. आणि एक अट आपणच आपल्याला घालून घेऊ : पहिली दोन यंत्रे गट पाडून, स्वतःच्या पैशांतून घ्यायची. अनुदान येईल तेव्हा येईल. ते यंत्र संचालकांच्या किंवा गटप्रमुखाच्या रानातून सुरू होणार नाही, तोडीच्या क्रमानेच फिरेल, हेही लिहून ठेवावे. हे वाक्य काहींना झोंबेल, पण न लिहिता केल्याचे परिणाम आपण इतर बाबतींत पाहिले आहेत.

आता पाचट ठेवण्याविषयीच्या शंका. एकरी तीन-चार टन पाचट निघते. त्यात पंधराएक किलो नत्र असते असे सांगितले जाते, ते खरे आहे, पण त्याला भुलू नका. ते कुजवायला टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक टाकावे लागते, म्हणजे पहिल्या वर्षी युरियाची बचत काही होत नाही. खरा फायदा सेंद्रिय कर्बाचा आणि ओलीचा. जाळल्यावर पालाश राखेत थोडेफार राहते, कर्ब मात्र धुरातून जातो, आणि आपल्या क्षारपड होत चाललेल्या जमिनींना त्याचीच भूक आहे. माझ्या रानात पाचट ठेवल्यापासून उन्हाळ्यात पाण्याची पाळी दोन-तीन दिवस लांबली आणि भांगलणीची एक पाळी वाचली. उंदरांचा त्रास वाढला, हेही सांगतो. पहिल्या वर्षी सरीत पाणी अडत होते, तेव्हा वडील मला म्हणाले, “जाळून टाक की सरळ.” बुडखे जमिनीलगत छाटायला मजूर मिळत नाहीत, ही सगळ्यात मोठी अडचण. कुट्टी यंत्राबरोबर बुडखे छाटणीचे अवजार असेल तरच हे काम तडीस जाईल. मागणीत दोन्ही एकत्र लिहिली पाहिजेत.

कुणी विचारील, कारखान्याच्या धुराड्यातून काजळी पडते तिचे काय? बरोबर आहे. मळीच्या वासाबद्दल आणि काजळीबद्दल आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांतले लोक दरसाल बोलतात. त्याला अनुदानाची वाट पाहायचे कारण नाही, तो कारखान्याचा स्वतःचा खर्च आहे, आणि संचालक मंडळाने त्याचा अहवाल सभेपुढे ठेवावा. मात्र धुराडे काळे आहे म्हणून माझा फड पेटवायला मी मोकळा, हा हिशेब मला पटत नाही. धुराड्याला निदान एक पत्ता आहे. फडातल्या धुराला कुणाचे नाव नसते.

येत्या वार्षिक सभेसाठी या अर्थाचा ठराव मी लेखी दिला आहे. त्याची एक प्रत गट ऑफिसात टेबलावर ठेवली आहे. वाचा, पटले तर सही करा, दुरुस्ती सुचवायची असेल तर मागच्या कोऱ्या बाजूला लिहा. चुलतभावाने त्यावर लिहिले आहे की यंत्र येईपर्यंत जो कुणी काडी लावील त्याने निदान आदल्या दिवशी चारी बांधांच्या शेतकऱ्यांना कळवावे आणि लाईट असेल त्याच वेळी पेटवावे. मूळ ठरावात हे नव्हते. मी ते घातले आहे.

— एक ऊस उत्पादक सभासद