सोडतीत विखुरलेला शेजार

वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत दोन-तीन पिढ्या काढलेल्यांना ५०० चौरस फुटांचे घर मिळावे, शौचकूपासमोरची पहाटेची रांग संपावी, याचे वाईट कोणाला वाटेल? ज्यांनी त्या रांगा लावल्या नाहीत त्यांनीच चाळीचे गोडवे गावेत, हा एक गमतीचाच प्रकार आहे.

चाळ म्हणजे नंदनवन नव्हते. १९७४ च्या जानेवारीत याच चाळींत दंगल पेटली आणि शेजाऱ्याने शेजाऱ्यावर दगड उचलला, हे विसरून चालणार नाही. परंतु त्याच चाळींनी १९८२ चा गिरणी संपही पाहिला. पगार थांबले, महिन्यामागून महिने गेले, तेव्हा कोणाची चूल पेटली नाही हे कोणी कोणास विचारावे लागत नव्हते. एका मजल्यावर वीस खोल्या आणि मधून जाणारा एकच पॅसेज. तेथे दुःख लपविण्याची सोयच नव्हती. ही माया पुष्कळशी अडचणीतून जन्मली होती, आणि अडचण सरली की तीही सरू लागते.

माणसे दुरावतात ती भांडून नव्हे. भांडणाला निदान समोरासमोर यावे लागते. पुनर्विकासात कुटुंबे आधी संक्रमण शिबिरांत वा भाड्याच्या घरांत पांगतात. पहिल्या वर्षी सणाला येणे-जाणे होते, दुसऱ्या वर्षी फोन होतो. पुढे लग्नपत्रिका तेवढी येते, आणि अखेर आजारपणाची वार्ता बारा दिवसांनी कळते. कोणी कोणाचा अपराध केलेला नसतो. परतल्यावर त्याच माणसांपैकी दोघे उद्वाहनात भेटतात आणि मजल्याचे आकडे वर सरकताना पाहत उभे राहतात.

येथे शासनाचा संबंध काय, असा प्रश्न कोणी करील. संबंध आहे. नव्या इमारतींतील घरे सोडतीने वाटली जातात. वशिल्याला आळा घालण्यासाठी ही पद्धत योग्यच. तथापि चिठ्ठीला शेजार कळत नाही. पन्नास वर्षे समोरासमोर राहिलेल्या दोन म्हाताऱ्या निरनिराळ्या मजल्यांवर जातात, आणि गुडघे दुखणाऱ्या बाईला ते अंतर दुसऱ्या गावाइतके होते. एकत्र राहू इच्छिणाऱ्या चार-पाच कुटुंबांची एकच चिठ्ठी टाकली, तर निःपक्षपातीपणाला बाध येत नाही आणि खर्चही वाढत नाही. नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि वरळी येथील ज्या घरांचे वाटप व्हायचे आहे, तेथे रहिवाशांच्या समित्यांनी ही मागणी सोडतीपूर्वीच लेखी नोंदवावी. किल्ल्या हाती पडल्यानंतर घरांची अदलाबदल करणे किती जिकिरीचे असते, हे सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कोणासही ठाऊक आहे.